अरादचा गाभारा, दिमोनाचा मलिदा

इस्रायलला जायचं तर फेब्रुवारीत जावं. जेरुसलेमला थंडी आणि अधूनमधून पाऊस असतो, पण दक्षिणेचं वाळवंट याच दिवसांत हिरवं होतं आणि सगळीकडे बदाम फुललेले असतात. या वेळी मृत समुद्र आणि तेल अवीव आम्ही दोघांनी सरळ बाजूला ठेवलं. आम्हाला एकाच प्रश्नाच्या मागे जायचं होतं. देव एकच आहे आणि त्याची मूर्ती करायची नाही, असं सांगणारा यहुदी धर्म मुळात उगवला कसा? ख्रिस्ती आणि इस्लाम दोन्ही त्याच मुळावर वाढले, म्हणजे जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या श्रद्धेची सुरुवात या इवल्याशा प्रदेशात आहे. शिवाय मी पनवेलची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आमचे शेजारी, त्यांचं सिनेगॉग (प्रार्थनागृह), शनिवारी बंद असणारी त्यांची दुकानं हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. त्या धर्माचं माहेर एकदा डोळ्यांनी पाहायचंच होतं.

गुरुवार – जेरुसलेम, इस्रायल म्युझियम

बाहेर पाऊस धो धो, त्यामुळे अख्खा दिवस म्युझियममध्येच घालवला आणि तोही कमी पडला. माझा आग्रह आहे की कुठल्याही उत्खननाच्या जागी जाण्याआधी इथे यावं. जागेवर पाया आणि भिंती उरल्यात, त्यांच्यातल्या वस्तू मात्र इथे आहेत.

'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा भेटतं ते इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. तो शिलालेख कैरोला आहे. इथल्या दालनांत दिसतं ते त्यानंतरचं जग. मध्यभागातल्या डोंगरांवर याच सुमारास लहान लहान वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांची मडकी पाहिली तर ती खालच्या कनानी, म्हणजे इथे आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या, गावांतल्या मडक्यांच्याच घराण्यातली. म्हणजे हे लोक कुठून तरी परक्या मुलखातून नवी संस्कृती घेऊन उतरले असं या वस्तूंवरून दिसत नाही. बहुतेक संशोधकांचं मत असं, की त्यातले बरेच जण कनानी मातीतलेच.

देवही त्याच मातीतले. डोंगरातल्या एका उघड्या पूजास्थानी सापडलेला ब्राँझचा बैल इथे ठेवलाय, इ.स.पू. बाराव्या शतकातला, तळहातापेक्षा थोडा मोठा. कनानी लोकांचा थोरला देव एल आणि पावसाचा देव बाल, दोघांचंही बैलाशी नातं. ही देवमंडळी आपल्याला नीट कळली ती सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमुळे. १९२९ पासून तिथे मातीच्या पाट्या निघत गेल्या. त्यांत बालला 'ढगांवर स्वार होणारा' म्हटलंय, आणि बायबलमधल्या ६८ व्या स्तोत्रात जवळजवळ हेच बिरुद इस्राएलच्या देवाला, याहवेला लावलंय.

सगळ्यात जास्त वेळ मी उभी राहिले ती खिर्बेत अल-कोमच्या दगडासमोर. हेब्रोनजवळच्या एका थडग्यातला हा लेख, इ.स.पू. आठव्या शतकातला. उरियाहू नावाच्या माणसासाठी आशीर्वाद कोरलाय, खाली पालथा हात काढलाय, आणि त्या आशीर्वादात याहवेच्या जोडीला 'त्याची अशेरा' येते. सिनाईतल्या कुंतिल्लेत अजरूदला १९७५-७६ मध्ये सापडलेल्या रांजणांवरही हीच जोडी आहे. अशेरा म्हणजे देवी की तिच्या नावाचा लाकडी खांब, यावर विद्वानांचं अजून भांडण चालू आहे. पण एवढं नक्की की बायबलचे लेखक ज्या अशेरेवर तुटून पडतात ती परक्यांची नव्हती, घरातलीच होती. शेजारच्या कपाटात यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या दक्षिणेकडच्या राज्याच्या, घराघरांतून निघालेल्या मातीच्या बाया आहेत, दोन्ही हातांनी स्तन धरलेल्या. जेरुसलेममध्येच अशा शेकडो सापडल्यात.

इथे येताना वेळा आधी बघा. मंगळवारी म्युझियम उशिरा उघडतं आणि शुक्रवारी लवकर बंद होतं. आत कॅफे आहे, पण महाग.

शुक्रवार – हिन्नोमचं खोरं आणि सब्बाथ

सकाळी लख्ख ऊन. केतेफ हिन्नोमला चालत गेलो. जुन्या शहराच्या भिंतीसमोरच्या उतारावर खडकात कोरलेली थडगी आहेत, प्रेतं ठेवायचे ओटे, डोकं टेकवायला कोरलेले खोलगट उंचवटे. तिकीट नाही, गर्दी नाही. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बर्काय इथे खणत होते. मदतीला शाळकरी मुलं होती. त्यांतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून एका ओट्याखालचा तळ फुटला आणि खाली न लुटलेला दफनसाठा निघाला. त्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या सुरळ्या होत्या, गळ्यात बांधायच्या ताइतासारख्या. त्या उलगडायलाच वर्षं लागली. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटरची भरली. तिच्यावर खरवडून लिहिलेला मजकूर म्हणजे बायबलमधल्या गणना पुस्तकातला पुरोहितांचा आशीर्वाद: याहवे तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो, त्याच्या मुखाचा प्रकाश तुझ्यावर पडो. काळ इ.स.पू. सहाशेच्या आसपासचा. बायबलच्या मजकुराचा याहून जुना पुरावा हातात नाही. काल म्युझियममध्ये भिंग लावून तो पाहिला होता, आज तो निघाला ती जागा पाहिली.

दुपारी महाने येहुदा बाजारात लोटालोटी. शुक्रवारी दोनच्या आत तिथे असाल तर शहराचा सगळा जीव एका गल्लीत कोंबल्यासारखा वाटतो. गरम खल्ला पाव, ऑलिव्ह, हलव्याच्या ढेपा. मग सब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा यहुदी विश्रांतीचा दिवस, सुरू होत असल्याचा भोंगा वाजला आणि पाहता पाहता दुकानं बंद, ट्राम बंद, बस बंद.

आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. मूळ इराकचं कुटुंब. "तुम्ही भाजीच खाणार ना? मग कुब्बे मी बीटाच्या रश्शात वेगळे केलेत, आत मशरूम आहे," म्हणाल्या. दोन मेणबत्त्या, झाकलेला पाव, द्राक्षरसाचा पेला. आणि जेवणाआधी त्यांच्या नवऱ्याने एकेका मुलीच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी म्हटलं. पहिल्या दोन शब्दांतच मला अंगावर काटा आला. चांदीच्या पत्र्यावरचा तोच आशीर्वाद, त्याच भाषेत. मी त्यांना सांगितलं की सकाळी आम्ही कुठे होतो. धाकटी मुलगी, सातेक वर्षांची असेल, म्हणाली, "हो, पण बाबा दर शुक्रवारी म्हणतात!" तिच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हतं.

शनिवार

सब्बाथला जेरुसलेममध्ये चालायची तयारी ठेवा. पूर्व भागातल्या अरबी बस चालू असतात, जुन्या शहरातल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती वस्तीतली दुकानंही. हुम्मुस, तिळाचा कड्यासारखा पाव आणि झातार मसाला यांवर दिवस छान निघतो. यहुदी जिथे प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीपाशी या दिवशी फोटो काढायचे नाहीत आणि चिठ्ठ्याही लिहायच्या नाहीत. फोन खिशातच असू द्या.

भिंत हेरोद राजाने बांधलेल्या चौथऱ्याची. त्यावरचं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. त्याच्या आधीचं मंदिर बाबिलोनच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये जाळलं होतं. बाबिलोनला नेलेल्या, देशोधडीला लागलेल्या त्या पिढ्यांनीच, देऊळ आणि राजा दोन्ही गेल्यावर, जुन्या कथा आणि कायदे एकत्र बांधले, आणि देव एकच आहे, बाकीचे देवच नाहीत, हे पहिल्यांदा इतक्या स्वच्छ शब्दांत म्हटलं. मला हा इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो. हरलेल्या लोकांचा देव सहसा त्यांच्याबरोबर मरतो. इथे तो देश सोडून माणसांबरोबर चालू लागला.

रविवार – तेल अराद, मग दिमोना

भाड्याच्या गाडीने दक्षिणेला निघालो. बस आहेत, पण या टेकाडांपर्यंत गाडीशिवाय पोचणं कठीण. जाताना वाटेत माळावर कलानियोत नावाची लाल रानफुलं फुलली होती, मैलभर. वाळवंटाच्या उंबरठ्यावर एवढा लाल रंग आम्हाला अगदी अनपेक्षित होता. गाड्या थांबवून माणसं नुसती बघत उभी होती.

तेल अरादला वारा असा की टोपी हातात धरावी लागते. खाली इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातलं कनानी शहर आणि वर टेकडीवर यहूदाच्या राजांचा छोटा किल्ला. योहानान आहारोनी यांनी १९६० च्या दशकात हा किल्ला खणला तेव्हा कोपऱ्यात चक्क देऊळ निघालं. याहवेचं देऊळ, जेरुसलेमच्या बाहेर. अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, कारण निर्गमच्या पुस्तकात वेदीच्या दगडाला हत्यार लावायचं नाही असं सांगितलंय. पुढे लांबट खोली, मग दोन पायऱ्या आणि गाभारा. गाभाऱ्यात मूर्ती नाही. गोल माथ्याचा, गुळगुळीत केलेला उभा दगड, आणि त्यावर लाल रंगाच्या खुणा.

आता यापुढे मराठी माणसाला काही सांगायची गरजच नाही. तांदळा! गावाच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला तांदळा जसा असतो तसा तो उभा आहे. इथे आहे ती प्रतिकृती, मूळ गाभारा जेरुसलेमच्या म्युझियममध्ये उभा केलाय. तरी या उघड्या माळावर, वाऱ्यात, तो जास्त खरा वाटतो.

पायरीवर दोन धूपवेद्या आहेत, गुडघ्याएवढ्या. त्यांच्या माथ्यावर काळं काहीतरी चिकटलेलं होतं. २०२० मध्ये त्याची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली: मोठीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, धाकटीवर गांजा आणि शेण. ऊद अरबस्तानातून येणारा, महाग. तो या आडबाजूच्या ठाण्यापर्यंत पोचत होता. आणि या वेद्या फोडल्या नव्हत्या. आडव्या निजवून, वर माती घालून पुरल्या होत्या. यहूदाच्या हिज्कीया राजाने इ.स.पू. आठव्या शतकाच्या शेवटी गावोगावची पूजास्थानं बंद करून सगळी उपासना जेरुसलेमला आणली असं बायबल सांगतं. अरादचं देऊळ त्याच वेळी बंद झालं असावं असं अनेकांना वाटतं. ज्याने ते बंद केलं त्याला हुकूम पाळायचा होता, पण देवाच्या वस्तूवर हातोडा घालायचा नव्हता. त्या अज्ञात माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटली.

टेकडीवर सावली नाही. पाणी आणि टोपी हवीच, हिवाळ्यातसुद्धा.

दिमोना अरादहून अर्ध्या-पाऊण तासावर. १९५५ मध्ये वसवलेलं गाव. कोकण-मुंबईहून आलेल्या बेने इस्राएलींपैकी अनेकांना इथे घरं मिळाली, कापडाच्या गिरण्यांत कामं मिळाली. संध्याकाळी 'तू बिश्वात' होता, झाडांचा सण, पौर्णिमेचा. बेने इस्राएल या दिवशी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात. पनवेलच्या ओळखीतून आम्हाला बोलावणं होतं.

दारातच एक आजी, पांढरीशुभ्र साडी, वर स्वेटर. माझ्याकडे बघून थेट मराठीतच म्हणाल्या, "कुठची गं तू?"

"पनवेलची."

"पनवेलची? अगो, माझं सासर पेणचं! ये आत, बाहेर गारठा हाय."

सभागृहात मोठ्या थाळ्यांत भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-मनुका, भोवती केळी, सफरचंद, खजूर, संत्री. मधोमध गुलाबाचं फूल. पुरुषांनी टोप्या चढवल्या, हिब्रूत प्रार्थना झाली, मग 'एलियाहू हन्नाबी' सगळ्यांनी मिळून म्हटलं. आजींची नातवंडं हिब्रूत हसत-भांडत होती, आजी मराठीत दटावत होत्या, आणि दोघांचं एकमेकांना कळत होतं.

मलिदा हातात देत आजी सांगू लागल्या. एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला, तिथून अग्नीच्या रथातून वर गेला, खडकावर घोड्याच्या टापा आहेत, लहानपणी आईने नेलं होतं. नवगावला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या. "आमच्याकडं काय उरलं सांगू? शनवार उरला, सुंता उरली, शमा उरला. 'ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच.' तेवढ्यावर आमच्या लोकांनी निभावलं." तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. देऊळ नाही, पोथी नाही, पुरोहित नाही, आणि तरी धर्म शिल्लक. बाबिलोनमध्ये जे सुरू झालं त्याचं याहून थेट उदाहरण मला कुठल्या दालनात दिसलं नव्हतं.

इथे आल्यावरही त्यांची वाट सोपी नव्हती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांच्या बाबतीत धर्मगुरूंनी ते पुरेसे यहुदी आहेत का असा प्रश्न उभा केला. आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये त्यांचं यहुदी असणं निःसंदिग्धपणे मान्य झालं. शेजारी बसलेले एक काका तेव्हा विशीत होते. "दोन हजार वर्षं शनवार पाळला तो काय गंमत म्हणून?" ते म्हणाले. साठ वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढला होता.

सोमवार – तेल बेर्शेवा

सकाळी दिमोनाच्या एका दुकानातून फरसाण आणि चकल्या बांधून घेतल्या, हे रस्त्यासाठी सर्वांत चांगलं खाणं. तेल बेर्शेवा तिथून जवळच. गावाची आखणी अजून स्पष्ट दिसते, आणि शेवटी खोल पाणीटाक्यातून हेल्मेट घालून बाहेर पडायचं असतं.

प्रवेशाशी चार शिंगांच्या वेदीची प्रतिकृती आहे. मूळ वेदीचे दगड १९७३ मध्ये सापडले ते एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले. वेदी उतरवून दगड बांधकामाला वापरले होते. एका दगडावर नाग कोरलाय. जेरुसलेमच्या मंदिरातही पितळेचा साप होता, लोक त्याला धूप दाखवत आणि हिज्कीयाने तो फोडला असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. पुरलेल्या वेद्या अरादला, भिंतीत चिणलेली वेदी इथे. एका देवापर्यंत पोचायला काय काय मोडावं लागलं, त्याचे हे दोन पुरावे एका दिवसाच्या अंतरात बघता येतात.

शाकाहाऱ्यांसाठी या प्रवासातला सगळ्यात उपयोगी शब्द 'खलवी'. कोशेर, म्हणजे यहुद्यांच्या खाण्याच्या नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे खलवी म्हणजे दुधाच्या उपाहारगृहात मांस-चिकन नसतंच. मासे असू शकतात, तेवढं विचारून घ्या.

मंगळवार – कार्मेलचा डोंगर

उत्तरेला जाताना ढग दाटून आले. मुहराका इथे कार्मेलाइट साधूंचा मठ आहे, अंगणात तलवार उगारलेल्या एलियाचा पुतळा. हाच तो दिमोनाच्या मलिद्याचा एलियाहू. राजा अहाबाच्या काळात, इ.स.पू. नवव्या शतकात, मोठा दुष्काळ पडलेला. एलियाने बालच्या संदेष्ट्यांना या डोंगरावर आव्हान दिलं अशी कथा आहे. ती कथा मी अनेकदा वाचली होती, पण ती मूळात पावसाबद्दल आहे हे इथल्या गच्चीवर उभं राहिल्यावर उमगलं. खाली इज्रेएलचं खोरं, सगळी शेती, सगळी आभाळावर अवलंबून. बाल हा पावसाचा देव. प्रश्न एवढाच होता की पाऊस कोण पाडतो. कोकणातल्या माणसाला हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही. कथेच्या शेवटी समुद्राकडून माणसाच्या तळव्याएवढा ढग येतो आणि मग आभाळ काळं होतं. आम्हालाही समुद्राकडूनच आलेल्या सरीने चिंब भिजवलं.

गच्चीवर जायला थोडं शुल्क आहे, सुटे पैसे जवळ ठेवा.

बुधवार – तेल दान

सगळ्या प्रवासातली सर्वांत सुंदर जागा. हेर्मोन डोंगराच्या पायथ्याशी झरे फुटतात, पाणी बर्फासारखं, वर गर्द झाडी. अराद-बेर्शेवानंतर डोळ्यांना ही हिरवाई पुरेना. उत्तरेकडच्या वेगळ्या इस्राएल राज्याचा राजा यरोबाम याने जेरुसलेमला पर्याय म्हणून सोन्याची दोन वासरं बसवली, एक बेथेलला, एक इथे. त्या पूजास्थानाचा चौथरा आणि पायऱ्या उभ्या आहेत, मोठ्या वेदीचा आकार लोखंडी सांगाड्याने दाखवलाय. वासराचं वर्णन आपल्यापर्यंत आलंय ते त्याच्या विरोधकांच्या लेखणीतून. गुरुवारी पाहिलेला ब्राँझचा बैल आठवला की यरोबामाने काही नवं आणलं नव्हतं, जुन्याच रूपात याहवेची पूजा केली होती, हे पटतं.

वेशीजवळ १९९३ मध्ये अरामी भाषेतल्या एका शिलालेखाचा तुकडा मिळाला, ज्यात 'दावीदाचं घराणं' असा उल्लेख आहे. बायबलच्या बाहेर दावीद राजाचं नाव प्रथम सापडलं ते इथे. पण मला जास्त आवडला तो आणखी एक लेख, ग्रीक आणि अरामीत, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. जोइलोस नावाच्या माणसाने नवस बोललाय, 'दानमधल्या देवाला'. वासरं गेली, राज्य गेलं, संदेष्ट्यांनी इतकं झोडपलं, आणि त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी कुणीतरी याच झऱ्यावर याच जागेच्या देवाला नवस करतोय.

दानला जायचं तर तीन तास हवेत. दुपारनंतर प्रवेश लवकर बंद होतो. सीमा अगदी जवळ आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवशीची परिस्थिती विचारून घ्या. अनेक राष्ट्रीय उद्यानांसाठी एकत्रित पास मिळतो. अराद, बेर्शेवा, दान तिन्ही करणार असाल तर तोच घ्या.

या खेपेला राहिला तो गरिझीमचा डोंगर. तिथे शोमरोनी (समरिटन) लोकांपैकी बरेच राहतात, सगळीकडचे मिळून ते हजाराच्याही आत, आणि देवाने निवडलेली जागा जेरुसलेम नव्हे तर हा डोंगर, असं ते आजही मानतात. वल्हांडण (पासओव्हर) सणाला मेंढ्यांचा बळी देण्याची प्रथा त्यांनी अजून चालू ठेवलीय. त्यासाठी वसंतात यावं लागेल, बहुधा एप्रिलमध्ये. त्यांचं पंचांग वेगळं असल्यामुळे तारीख यहुदी सणाशी जुळेलच असं नाही. ती आधी पक्की करून मगच विमानाचं तिकीट काढायचं ठरवलंय.